सीटची मागची बाजू

मी, चौकातल्या सीटकव्हरच्या दुकानात शिलाईमशीनवर बसणारी आणि अवघ्या वस्तीत 'सीटवाली' म्हणून ओळखली जाणारी बाई, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. आज दुपारी मला दवाखान्यात दाखल व्हायचं आहे आणि उद्या छाती उघडणार आहेत. शक्यता बरी आहे, असं डॉक्टर म्हणाले. बरी म्हणजे किती, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काय समजायचं ते मी समजले. यापूर्वी मी कोणाला तोंडी काही देऊ केलं असेल, तर ते रागाच्या नाहीतर मायेच्या भरात केलं असेल. ते धरू नये.

वकीलबाईंनी कच्चा मजकूर वाचला आहे. निम्मी वाक्यं खोडा म्हणाल्या. त्यांच्या स्कूटरची सीट मी शिवलेली आहे, त्यामुळे फार ताणून धरलं नाही.

कलम पहिले. राहतं घर यजमानांच्या नावावर आहे, त्यात मी लुडबुड करत नाही. दुकानाचा गाळा मात्र माझ्या वडिलांनी मला घेऊन दिलेला आहे. तो मी माझ्या एकुलत्या एका लेकीला देते. बँकेत माझ्या नावे जे काही निघेल तेही तिलाच. तिच्या बाबांना आणि तिच्या काकांना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, या मृत्युपत्राने काडीचाही हिस्सा मिळणार नाही. वाचून नणंदबाई म्हणतील, बघा, शेवटी नवऱ्यालाही वाऱ्यावर सोडलं. म्हणू देत. कारण आहे, आणि ते मी शेवटच्या कलमात सांगणार आहे.

कलम दुसरे. शिलाईमशीन समोरच्या पिशव्या शिवणाऱ्या बाईंना द्यावं. माझा डावा पाय आखडल्यापासून त्याचं पॅडल उजवीकडे सरकवून घेतलेलं आहे, ते त्यांनी आपल्या सोयीने परत मधे आणावं. जाड रेक्झिनला सुई मोडते तेव्हा शिव्या देऊ नयेत, मशीनला कळतं. मोठी कात्री कोणालाही द्यावी, पण कागद कापणाऱ्याला देऊ नये.

कलम तिसरे. माझी हातातली काठी नणंदबाईंना. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे आणि काठी चांगली आहे. माझा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात त्या मला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "पाय गेला तर गेला, तोंड शाबूत आहे ना, मग झालं." त्याचा मला राग नाही, खरंच होतं ते. राग आहे तो बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी माझ्या यजमानांच्या कानात जे घातलं त्याचा. ते पुढे येईल. काठी टेकताना त्यांना ते आठवलं तर बरंच.

कलम चौथे. मोटारसायकल कागदोपत्री माझी आहे, जरी मी ती आयुष्यात एकदाही चालवली नाही. मी मागे बसायची. सीटची मागची बाजू माझी, पुढची यांची, असा आमचा संसार. गाडी लेकीला देते. ती चालवणार नाही, पण विकणारही नाही, हे मला ठाऊक आहे.

आता त्या दिवसाचं लिहिते, कारण माझ्यामागे तो दिवस जो तो आपापल्या सोयीने सांगेल. दुकान आम्हा दोघांचं: मी शिवायची, हे फोमवर कव्हर ताणून पिना मारायचे. शेजारच्या मोकळ्या जागेत भाऊजी गाड्या धुवायचे. मधे भिंत नव्हती. धुतलेली गाडी इकडे यायची, शिवलेली तिकडे जायची, आणि दोघे भाऊ दिवसभर एकमेकांच्या खोड्या काढत. त्या दिवशी लेकीच्या शाळेत कार्यक्रम होता, ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहणार होती. भाऊजींनी सकाळीच आमची गाडी धुतली आणि टायर चमकवायचं पॉलिश सीटलाही चोळलं. वहिनी आज थाटात बसली पाहिजे, एवढीच हौस. गाड्या धुणाऱ्याचा हात चुकतो तो इथेच. दिवसभर टायर चमकवून त्याला वाटायला लागतं की चमकलं म्हणजे स्वच्छ झालं. सीट चमकायची नसते, तिने माणसाला धरून ठेवायचं असतं. मी नवे गुळगुळीत कपडे घालून घाईघाईने एका अंगाला पाय सोडून बसले. चौकात कुत्रं आडवं आलं, यांनी ब्रेक दाबला, आणि ताटातून वाटी घसरावी तशी मी रस्त्यावर गेले. खुबा मोडला. पाय जुळला, पण आखूड जुळला. लेकीचा कार्यक्रम कोणीच पाहिला नाही.

भाऊजी दवाखान्यात आले. दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, नवी दिसावी म्हणून केलं हो." एवढंच. मी त्यांना आत बोलावणार तोवर यांनी दार लावून घेतलं. कारण बाहेरच्या बाकावर नणंदबाईंनी आगीत तेल ओतून ठेवलं होतं, की धाकट्याचा गाळ्यावर डोळा आहे, त्याने मुद्दाम केलं. आता वहिनीला पाडून गाळा कसा मिळतो, हे जगात कोणाला सांगता येणार नाही. माणसाने हसून सोडून द्यावं अशी गोष्ट. पण घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं, आणि हे फार घाबरले होते.

मी घरी आले तेव्हा दुकान आणि धुण्याची जागा यांच्यामध्ये पत्रा उभा होता. लेक तेव्हा शाळेत होती, आता तिची पोरगी शाळेत जाते. पत्रा अजून उभा आहे.

कलम पाचवे. त्या पत्र्यावर, भाऊजींच्या बाजूला तोंड करून, यांनी मी घसरले ती जुनी सीट टांगली आहे. त्याने रोज बघावी म्हणून. ती सीट माझ्या मालकीची आहे आणि मी ती लेकीला देते, ती या अटीवर की तिने ती खाली उतरवून मोडीत टाकावी. यजमानांना मी इथे लेखी विचारते: पडले मी. पाय माझा. मग राग तुम्ही का उचलून नेलात? माझा राग कधीच संपला होता. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मी कितीदा तोंड उघडलं, कितीदा तुम्ही ताटावरून उठून गेलात.

कलम सहावे. हे कलम मालमत्तेचं नाही, पण माझ्या जिवाला घोर आहे तो याचाच. छाती उघडण्याची मला भीती नाही असं नाही, पण रात्रंदिवस डोक्यात असतं ते हे. दोघे भाऊ एकमेकांशी बोलतात ते माझ्यातून. हे म्हणतात, "त्याला सांग, पाण्याचा पाइप आमच्या दारात येतोय." मी पत्र्यापाशी जाऊन सांगते. भाऊजी म्हणतात, "दादाला विचारा, रक्तदाबाची गोळी घेतली का." मी विचारते. भाऊजींनी लग्न केलं नाही. त्यांचा जेवणाचा डबा मी पत्र्यावरून देते, रिकामा डबा पत्र्यावरून येतो. यांना आदल्या दिवशीचं आठवत नाही हल्ली, ते भाऊजींना पत्र्याआडून यांच्या बोलण्यावरून कळतं आणि ते मला हळूच सांगतात. मी गेले तर निरोप कोण नेणार? लेक दुसऱ्या गावी, तिला तिचा संसार आहे. एक म्हातारा पत्र्याच्या अलीकडे पडेल, दुसरा पलीकडे बसून वाट बघेल की कोणीतरी येऊन सांगेल. मला हे दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं.

आणि गंमत अशी की दोघांना झालेला आजार एकच आहे. मी बसण्याआधी हे अजूनही सीटवर कोरडा तळवा टेकवून पुढे ढकलून पाहतात. तळवा अडला तरच मला बसू देतात. दुसऱ्या कोणाला गाडीला हात लावू देत नाहीत. आणि पलीकडे भाऊजी गाडीचा खिळा न् खिळा धुतात, पण सीट धूत नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात फडकं देतात आणि म्हणतात, तेवढं तुम्ही पुसून घ्या. लोक विक्षिप्त म्हणतात. का ते मला माहीत आहे.

कलम सातवे. सीटची निगा. गाडीवरची आताची सीट मी नव्याने शिवली तेव्हा खरबरीत रेक्झिन घातलं आणि मागे धरायला पट्टा दिला. ती टिकवायची तर असं करावं. आधी मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढावी, नाहीतर पुसताना तीच घासली जाऊन दोरा खाते. मग साबणाच्या पातळ पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळून पुसावं, पुन्हा साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्याने. पाण्याचा जोराचा फवारा मारू नये: शिवणीतून पाणी आत जातं, फोम कुजतो आणि बसणाऱ्याची फजिती होते. डाग निघत नाही म्हणून रॉकेल, थिनर लावू नये, रेक्झिन ताठरतं आणि तडकतं. सावलीत वाळवावी. तेल नाही, पॉलिश नाही. शेवटी तळवा टेकवून पाहावा.

हे काम एकट्याने होतं. पण ते दोघांनी करावं, एकाने पुसावं आणि दुसऱ्याने तपासावं, अशी माझी विनंती आहे. विनंतीला कायद्यात किंमत नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हटलं, घरात तरी कुठे आहे, राहू द्या.

कलम आठवे आणि शेवटचे. वकीलबाईंनी मला एक नियम सांगितला. साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तो नियम ऐकला त्या दिवशी मी हे सगळं ठरवलं. माझ्या यजमानांना आणि माझ्या दिरांना मी काही ठेवलं नाही ते याचसाठी. दोघे माझे साक्षीदार आहेत. माझ्यासमोर, एका टेबलापाशी बसून, एकाच पेनाने त्यांनी सही करायची आहे. यजमान म्हणाले, दुसरा कोणीही आण. मी म्हटलं, दुसरा कोणी माझ्या पडण्याचा साक्षीदार आहे का? उठून गेले. सकाळी परत आले ते खुर्ची घेऊनच.

दवाखाना चौकापलीकडेच आहे. लेक मोटार पाठवते म्हणते. मी मोटारसायकलवरून, मागे बसून जाणार आहे. आज सीट भाऊजींनी पुसावी, असा निरोप मी काल पत्र्यावरून दिला आहे. माझा शेवटचा ठरला तर ठरू दे.

ठिकाण: आमचं दुकान, कापायचं टेबल.
तारीख: दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी, सकाळी.
लिहून ठेवणार: सीटवाली (सही)

साक्षीदार पहिला: यजमान. "सही केली. सगळं पटलं असं नाही."
साक्षीदार दुसरा: धाकटा दीर. "सही केली. वहिनी, सीट पुसून आलोय. नुसत्या पाण्याने."

पाकीट चिकटवण्याआधी एवढं लिहिते. सह्यांखाली काही लिहू नका, असं वकीलबाईंनी बजावलं होतं, त्या रागावतील. सह्या झाल्यावर हे उठले आणि बाहेर गेले. भाऊजी दारात उभे होते, त्या दिवशी दवाखान्याच्या दारात होते तसेच. यांनी सीटवर तळवा टेकवून पुढे ढकलला. मागच्या बाजूला पुन्हा एकदा ढकलला. मग म्हणाले, "नाही रे सरकत."

मी टेबलापाशीच होते. यांची पाठ माझ्याकडे होती, आणि त्यांनी मला कोणाला काही सांगायला सांगितलं नाही.