रिठदच्या पेटीचा सूर

मिल्या लेका,

जय भीम! तू असतास तर उलट "जय जिनेंद्र, शेठ" म्हणून डोळा मारला असतास. वर्ष झालं, कोणी तसं डोळा मारून म्हणत नाही.

आजच लिहायला का बसलो, ते सांगतो. तू गेल्याला वर्ष झालं म्हणून परवा रिठदला तुझं पहिलं पुण्यानुमोदन झालं. तिथे जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही. कालपासून बायकोला सांगतोय, तर ती वैतागून म्हणाली, "तेच ते सांगून राह्यले तुमी मले! त्यालेच लिहा ना." म्हणून रिसोडच्या दुकानात, गिऱ्हाईक नाही हे बघून, कुकरच्या खोक्यावर कागद ठेवून बसलो आहे.

पण आधी जरा तुझ्या अल्बमांबद्दल बोलू दे. तुझ्या बँडचा पहिला फॅन मी. यावर वाद नको! "शेठ भांडे विकते, त्याले गाण्यातलं काय समजते?" असं तू चारचौघांत म्हणायचास. अरे, पातेलं वाजवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात न देणारा माणूस मी. कान माझाही आहे.

आठवतं का, बँडला नाव कसं मिळालं? तुम्ही गिटार वाजवली की म्हशी बिचकतात, अशी गावाची तक्रार होती. म्हणून तुम्ही सगळे फाट्यावर जाऊन बसायचात. तिथे एसटीची पाटी होती, 'विनंती थांबा'. झालं, तेच नाव! मी म्हटलं, असलं नाव पाहून कोण ऐकेल? तू म्हणालास, "ज्याले ऐकाचं तो थांबते."

पहिला अल्बम 'हात दाखवा'. रिठदच्या विहारात, खिडक्यांना गोधड्या बांधून केलेलं रेकॉर्डिंग. तुझे बाबा गायन पार्टीचे गायक, विहारातली पेटी त्यांची. ती पेटी जुनी, आणि सुराला जरा चढी. पांढरी दोन म्हणावी तर नाही, काळी दोन म्हणावी तर तीही नाही, मधेच कुठेतरी तिचं घर. पण बाबांचा नियम म्हणजे नियम. "पहिले पेटीले विचारा, मंग तारेले हात लावा." म्हणून तुम्ही सगळे एकेक करून गिटार घेऊन पेटीपुढे बसायचात, शाळेत हजेरी द्यावी तसे. रॉक वाजवणारी दुसरी कुठली पोरं पेटीला विचारून तारा लावत असतील, मिल्या? मला तरी माहीत नाहीत.

त्या कॅसेटची पहिली प्रत माझ्या दुकानात वाजली. दिवसभर वाजली. एक आजी स्टीलचा डबा घ्यायला आली आणि डबा विसरून कॅसेट घेऊन गेली. तिच्या घरी टेप होता की नाही, देव जाणे.

दुसरा अल्बम 'उभ्याने प्रवास'. माझ्या मते तुझा सर्वांत भारी. त्यातच 'धुरा' आहे. शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या आईला पोरगा लांबून हाक मारतो, एवढंच गाणं:

"माय, धुऱ्यावर उभी राय,
मले वाट दाव."

त्याच्यामागून तुझी गिटार जी वर चढत जाते ना, तिथे माझ्या अंगावर आजही काटा येतो. रिसोडच्या वरातींत बँडवाले ते वाजवायला लागले. मोंढ्यात हमाल ते गुणगुणायचे. आणि रिठदच्या बायका तर सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, वाकल्या की हेच गाणं. धनजला दिलेली तुमच्या शेजारची मंगला, तिने ते सासरच्या शेतात नेलं. तू कधी ऐकलंस का रे त्या बायकांना, नीट, थांबून? मला वाटतं, नाही ऐकलंस. तू तेव्हा पुण्याच्या तयारीत होतास.

हो, आता तिसऱ्यावर येतो. 'निमआराम'. पुण्याचा मोठा स्टुडिओ, काचेची खोली. तिथल्या लोकांनी सांगितलं, तुमचा सूर चुकीच्या जागी आहे. तू गुपचूप मशीनवर तारा लावल्यास. अल्बम आला, सगळं कसं चकाचक! दुकानात लावला तेव्हा तुझी आई, वच्छलामावशी, तवा घ्यायला आली होती. जरा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "मिलिंदले सर्दी झाली काय?"

मी हे तुला जसंच्या तसं कळवलं. तर तू रागावलास, आणि पोळ्यापर्यंत दुकानाची पायरी चढला नाहीस! माझं काय चुकलं होतं सांग! शब्द आईचे, शिक्षा मला? पण आलास तेव्हा हसतच आलास. म्हणालास, "शेठ, पेटीले विचाराचं राह्यलं बे."

मग 'मुक्कामी'. परत विहार, परत गोधड्या, परत ती चढी पेटी. बाबा नव्हते, पण त्यांची जागा तू मोकळी ठेवली होतीस. हा अल्बम इंटरनेटवर गेला आणि कुठकुठली पोरं खाली लिहायला लागली, आमची गिटार याच्याशी जुळतच नाही, हे कोणतं ट्यूनिंग आहे? तुझ्या लेकीने, संघमित्राने, उत्तरात एकच शब्द लिहिला, 'रिठद'. त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले, गिऱ्हाइकांना कारण न सांगता.

आता परवाचं ऐक.

तू पाचवा अल्बम अर्धा टाकून गेलास. एवढी काय घाई होती रे? छातीत दुखतंय म्हणून सांगायचं तरी! तू गेल्यापासून बँड बंदच होता. रफीक, तुझा ड्रमर, मला आधीच म्हणाला होता, "शेठ, पोरगी 'धुरा' गाणार हाय. आज जमलं तं पाचवा पूर्ण करू. नाही जमलं तं सामान इकून टाकू, उगाच मिलिंदच्या नावाले बट्टा नको." म्हणजे सगळं त्या एका गाण्यावर येऊन ठेपलं होतं.

वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. मग विहार समितीने पेटीवरचं कापड काढलं. मिल्या, पेटी ओळखूच येईना! तुझ्या आठवणीसाठी म्हणून त्यांनी ती अकोल्याला नेऊन नवी करून आणली होती. नवा भाता, नवं पॉलिश, वर पितळी पट्टीवर तुझं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, "आतून सूरबी बरोबर करून घेतले, भाऊ."

माझ्या टाळ्या तिथेच थांबल्या. पण बाकीच्यांना अर्थ लागला नाही. पोरं नियमाप्रमाणे पेटीपुढे बसली, पेटीला विचारलं, तारा लावल्या. संघमित्राने 'धुरा' सुरू केलं. पोरीचा गळा तुझाच आहे, त्यात शंका नाही. पण गाणं मेलेलं! स्वच्छ, बरोबर, आणि पार परकं. 'निमआराम'सारखं. दुसऱ्या ओळीला ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शेठकाका, याच्यात बाबा नाहीत."

रफीकने काड्या खाली ठेवल्या. समितीचे अध्यक्ष घामाघूम. बिचारे सारखं म्हणत होते, "आमी तं चांगल्यासाठीच केलं ना." त्यांच्यावर रागावणार तरी कसं? प्रेमानेच घोळ घातला होता. ज्या पेटीने तुम्हाला सूर दिला, तिच्यातूनच तो सूर गेला होता.

मी खिशातून मोबाइल काढला. म्हटलं, तुझी रेकॉर्ड लावतो, तिच्यावरून तारा लावा. तेवढ्यात तुझी आई पुढे आली.

"ठेव थो मोबाइल," ती म्हणाली. "पेटी बदलली तं काय झालं? मी आहो ना."

आणि उभ्याउभ्याच तिने सुरुवात केली. "माय, धुऱ्यावर उभी राय..." मिल्या, जी ओळ तू आईला उद्देशून लिहिलीस, ती आई तुझ्यासाठी म्हणत होती. आवाज कापत होता, पण सूर नाही. मग सोंगणीच्या बायका एकेक करून तिला मिळाल्या. मंगला धनजहून आली होती, ती मागून. सगळं विहार गायला लागलं, आणि त्या मधल्याच जागेवर! संघमित्रा गिटार घेऊन आजीच्या पायाशी बसली आणि आजीच्या आवाजावर एकेक तार वर चढवत गेली. शेवटची तार जुळली तशी रफीकची काडी ड्रमवर पडली. त्यानंतर काय वाजलं ते मी तुला लिहून सांगू शकत नाही. मी रडलो, एवढं सांगतो. भर सभेत, हुंदके देऊन रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

घरी येऊन मी तुझी जुनी कॅसेट लावली आणि बँडच्या पोरांनी केलेलं पोरीचं परवाचं रेकॉर्डिंग त्याच्यासोबत. केसभरही फरक नाही!

तुला वाटायचं, सूर पेटीत आहे. मलाही तसंच वाटायचं. अरे वेड्या, तू तो कधीच गावाला देऊन बसला होतास! या बायका इतकी वर्षं शेतात तुझं गाणं म्हणत होत्या, पेटीशिवाय, गिटारशिवाय, आणि सूर जागचा हलला नाही. कोणत्या बँडला असं भाग्य मिळतं, सांग? मी तुझा फॅन आहे म्हणून छाती फुगवून फिरायचो. परवा कळलं की मी एकटा नव्हतो, आणि पहिला तर मुळीच नव्हतो. पहिली ती, जिने तुझी सर्दी ओळखली.

नव्या पेटीवर मावशी हात फिरवून म्हणाली, "राहू द्या, गोड दिसते. पोरं शिकतीन याच्यावर." अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला.

आता शब्द देतो तुला. सोंगणी आटोपली की पाचव्याचं रेकॉर्डिंग, विहारातच. नाव संघमित्राने ठेवलंय, 'डबल बेल'. पेटीपुढे नाही, तुझ्या आईपुढे बसून सगळे तारा लावतील. आणि कोणी शहाणा म्हणाला की सूर जरा चढा आहे, तर त्याला मी स्वतः गाडीत घालून सोंगणीच्या वेळी रिठदला नेईन आणि धुऱ्यावर उभा करीन.

तुझा, फॅन नंबर दोन,
शेठ अजित भांडेवाला
रिसोड