डिकीतून मिळवलेली खोली

ताईला धाकटीचा नमस्कार. पाया पडते म्हणायचं, तर तू तिथे आणि मी इथे, तेव्हा मनातल्या मनात पडले असं समज. तुझा गुडघा कसा आहे? बसताना दुखतो की उठताना, ते नीट कळव. गेल्या वेळी नुसतं 'दुखतो' लिहिलंस, त्यावर माणसाने काय सांगायचं? दाजींचा खोकला गेला असेल अशी आशा करते. (जात नसेल तर आधी तो गळ्यातला मळका मफलर धुवायला टाक, मग डॉक्टरकडे ने.) आम्ही सगळे मजेत आहोत. मी जरा जास्तच मजेत आहे आणि त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण मी फोन कानाला लावला की आमच्याकडे मोठे भाऊजी पेपर खाली करतात, जाऊबाई मिक्सर बंद करतात, आणि मग मी तुझ्याशी नुसतं हवापाण्याचं बोलते. म्हणून लिहितेय. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे शिवण येते तशी ओळ सरळ येत नाही. वाकडं दिसलं तर पान वाकडं धर.

तर आम्ही गाडीने फिरायला गेलो होतो. ह्यांनी घेतली ना ती नवी गाडी, म्हणजे दुसऱ्याची जुनी. चौघंच जण: हे, मी, मोठे भाऊजी आणि जाऊबाई. समुद्राकाठचं एक जुनं गाव बघायचं, तटबंदी, वेस, दीपगृह, जुन्या व्यापाऱ्यांची घरं, असा भाऊजींचा बेत. हेडमास्तरकीतून सुटले तेव्हापासून त्यांना इतिहासाने धरलंय. बसायची व्यवस्था कशी होती ते लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. पुढे भाऊजी, कारण त्यांच्या मांडीवर माहितीचं पुस्तक. मधल्या बाकावर जाऊबाई एकट्या, कारण त्यांना गाडी लागते, आडवं व्हावं लागतं. आणि सगळ्यात मागे डिकीत ती एक घडीची सीट आहे, शाळेच्या पोरांना बसवायची, तिच्यावर दोन बॅगा, पाण्याचं पिंप आणि मी. गाणी वाजायचं भोकही नेमकं माझ्या कानापाशी. फोनमधली ती रस्ता सांगणारी बाई त्याच भोकातून बोलायची, त्यामुळे सहा तास ती बाई आणि मी शेजारी शेजारी बसून गेलो. बाई शांत स्वभावाची आहे. कितीही चुकलं तरी कोणाला बोलत नाही, पुन्हा रस्ता शोधते. मला जमणार नाही.

आता मुद्द्याचं. गाडी हमरस्त्याला लागली, दारं बंद झाली, कोणाला उतरता येणार नाही अशी खात्री झाली, तेव्हा भाऊजींनी घसा साफ केला आणि मागे न बघता सांगितलं की समोरची खोली आता आपण अभ्यासिका करणार आहोत. समोरची म्हणजे माझी, ताई! जिथे खिडकीखाली माझं मशीन आहे, जिथे रस्त्याकडचं दार आहे, बायका थेट आत येतात, आरशात बघतात, गळा खोल झाला म्हणून भांडतात आणि पुढच्या आठवड्यात दुसरं कापड घेऊन येतात. बावीस वर्षं मी त्या उजेडात बसलेय. आणि मशीन कुठे जाणार? जिन्याखाली! जिथे आत्ता रंगाचे रिकामे डबे आणि एका चाकाची सायकल आहे. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर मी काय वासावर शिवू? भाऊजी म्हणाले, लेखनाला उजेड लागतो. मी म्हटलं, सुईला नाही लागत? तर म्हणाले, तुमचं हाताचं काम आहे, सवयीने होईल. ह्यांच्याकडे बघितलं तर ह्यांनी 'हूं' केलं. ह्यांच्या हूंचे प्रकार तुला माहीत आहेतच. हा गिअर बदलतानाचा होता, त्याला अर्थ नसतो. जाऊबाई आडव्या होत्या. सोमवारी परत गेलो की सुतार येणार, कपाटांची मापं घ्यायला. सुताराला सांगूनसुद्धा झालेलं! मग उरलेले चार तास मी पाण्याच्या पिंपाला धरून गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

गावाच्या वेशीपाशी पोचलो. वेस खरंच बघण्यासारखी आहे, तीन माणसं उंच, आणि खाऱ्या वाऱ्याने दगड असे झिजलेत की चाटून ठेवलेले वाटतात. बाहेर ठळक पाटी होती, वाहनं इथेच लावा. भाऊजी म्हणाले, ती सहलीला येणाऱ्यांसाठी आहे, आपण अभ्यासाला आलोय. मग काय, शिरलो आत. आत एक छोटा चौक, त्याच्या चार बाजूंना चार गल्ल्या, सगळ्यांवर वाळत घातलेले कपडे. भाऊजी म्हणताहेत सरळ, पुस्तकात जकातघर सरळ आहे. तेवढ्यात मागून आवाज आला, डावीकडे वळा. ह्यांनी तत्काळ डावीकडे घेतली. भाऊजी त्या फोनवर असे भडकले की विचारू नकोस, म्हणाले, त्या बाईला इतिहासाचं ज्ञान नाही. (बाई गप्प.)

गल्ली सुरुवातीला बरी होती, पुढे आवळत गेली. बाही कशी खांद्याला ऐसपैस आणि मनगटाला घट्ट, तशी. मी मागून ओरडले, थांबा, ही पुढे बसणार नाही, दंडात अडकेल. भाऊजी म्हणाले, हे कापड नव्हे, इथून शंभर वर्षांपूर्वी बैलगाड्या जात होत्या. मी म्हटलं, बैलांना पोट आत घेता येतं. तेवढ्यात ह्यांनी जोर दिला. करर्र करून असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरच्या तीन खिडक्या उघडल्या आणि गाडी गच्च बसली. पुढे जाईना, मागे येईना. दारं उघडली तर भिंत. काच खाली केली तर पुन्हा भिंतच, तीही ओली.

जाऊबाई ताडकन उठून बसल्या. त्यांनी वाटेत थांबलो तिथे दोन चहा आणि मळमळायला नको म्हणून तीन लिंबू सरबतं घेतलेली. पुढचं तुला कळलंच असेल. भाऊजी पुस्तक चाळायला लागले. त्यात ह्या गल्लीची रुंदी दिली होती म्हणे, पण ती कुठल्या शतकातली ते दिलं नव्हतं.

आणि आता बघ देवाची करणी. ह्या अख्ख्या गाडीतून बाहेर पडू शकेल असं माणूस एकच, जिला बॅगांबरोबर बसवलं होतं ती! मी डिकीची काच बडवली. मागून एक पोस्टाची बाई पिशवी घेऊन येत होती, बांध्याने काडीसारखी, तिने बाहेरून खटका दाबला आणि मी उतरले. मी ह्यांना म्हटलं, तुम्हीही या. पण त्यांच्या आणि माझ्यामध्ये जाऊबाई होत्या, आणि जाऊबाईंच्या वरून जायचं म्हणजे सोपं नाही. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, मी डिकीतून रांगत बाहेर येणार नाही. बरं, म्हटलं. नका येऊ.

माझी मापाची टेप गळ्यातच होती. (निघताना जाऊबाई म्हणाल्या होत्या, सहलीला कसली टेप, काढून ठेवा, लोक हसतील.) मी गाडीच्या मागे वाकून, एकदा खाली एकदा वर, व्यवस्थित मापं घेतली. काय झालं होतं सांगू? ती गाडी पुढून निमुळती आणि मागच्या चाकांवर फुगलेली आहे. आणि ती भिंत जुनी, मधोमध पोट सुटलेली, आमच्या सासरच्या मंडळींसारखी. भिंतीचं पोट आणि गाडीचा फुगवटा बरोब्बर एका उंचीवर आले होते. दोन बोटं खाली मात्र भिंत पुन्हा आत गेलेली, तिथे चांगली जागा. म्हणजे गाडी मागून दोन बोटं खाली बसली की सुटणार. ब्लाऊज छातीत अडकला तर कोणी कंबर उसवत नाही, जिथे अडकला तिथेच सैल करायचा. एवढी साधी गोष्ट.

तोवर गल्ली भरली होती. एक पाववाला हाताला पीठ लागलेलंच घेऊन आला. त्याची बायको आली. बंदरावर दोरखंड विकणारा आला. प्रत्येकाचा वेगळा सल्ला. एकाने तेल लावा म्हटलं. दोरखंडवाला तर आनंदाने दोर आणायलाच निघाला. मी म्हटलं, कोणी हात लावायचा नाही, मला जड माणसं पाहिजेत, डिकीत बसायला. ताई, एवढी गर्दी, पण सगळे शेजाऱ्याकडे बघायला लागले! शेवटी पाववाल्याच्या बायकोने त्याच्या पाठीत धपका घातला, 'जा की! तुमच्याइतकं जड कोण आहे इथे? उगीच लाजताय!' तो म्हणाला, 'मग तू पण चल.' असं करून, दोर घेऊन परतलेला दोरखंडवाला धरून, तिघं मिळाली.

पण त्यांना बसवायच्या आधी मी डिकीत डोकं घातलं आणि अगदी शांतपणे (त्या फोनमधल्या बाईसारखं) विचारलं, भाऊजी, समोरची खोली कोणाची?

भाऊजी म्हणाले, ही वेळ आहे का? मी म्हटलं, तुम्ही पण गाडी चालू असतानाच काढलात विषय, आता तर गाडी उभी आहे. ते म्हणाले, घरी गेल्यावर शांतपणे चर्चा करू. मी म्हटलं, चालेल, मला घाई नाही, मी जरा दीपगृह बघून येते. तशी जाऊबाई किंचाळल्या, 'अहो, द्या ती खोली! काय करायची आहे ती खोली! चार ओळी लिहिता महिन्यात, जिन्याखाली बसून लिहा!' ताई, पस्तीस वर्षांत त्या बाईने भाऊजींना उलट उत्तर दिलं नव्हतं. सरबताने दिलं.

मी म्हटलं, तोंडी नको, लिहून द्या, लेखनाची आवड आहे ना. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, फाडलं, ह्यांच्याकडून जाऊबाईंकडे, जाऊबाईंकडून माझ्याकडे. अक्षर हेडमास्तरी, मला कुठलं लागतंय? पोस्टाच्या बाईला दिलं. तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, 'समोरची खोली तात्पुरती शिवणकामासाठी राहील.' मी म्हटलं, तात्पुरती काढा. गल्लीतले सगळे म्हणाले, तात्पुरती काढा. पाववाला म्हणाला, 'मास्तर, काढा लवकर, माझे पाव करपतील.' कागद परत गेला, शब्द खोडला, खाली सही झाली. आणि ऐक, ह्यांनीही आपण होऊन सही केली! कोणी सांगितलं नव्हतं. वर म्हणाले, 'उजेड हिलाच लागतो, मला कधीचं म्हणायचं होतं.' कधीचं म्हणजे कधीचं, ते मी घरी आल्यावर विचारणार होते, पण राहून गेलं.

मग तिघांना डिकीत बसवलं. गाडी अशी खाली बसली की मी टेप लावून बघितली, अडीच बोटं! मी मागे उभी राहिले, ह्यांना म्हटलं, आरशात फक्त माझा हात बघायचा, भाऊजींचं ऐकायचं नाही. एक एक वीत करत, भिंतीला नखसुद्धा न लागू देता, गाडी थेट चौकात आणली. टाळ्या वाजल्या. पोस्टाच्या बाईने माझा हात धरून वर केला. जाऊबाई पाववाल्याच्या घरात अशा धावल्या की त्यांना गाडी लागते हे कोणाला खरं वाटलं नसतं. येताना मी पुढच्या सीटवर बसून आले आणि भाऊजी बॅगांशेजारी. दीपगृह, जकातघर सगळं बघितलं. ठीक आहे. दगड आहेत.

सोमवारी सुतार आला. मी त्याच्याकडून खिडकीखाली लांब फळी मारून घेतली, कापड पसरायला.

दाजींना नमस्कार, मांजरीला दूध.

तुझी धाकटी

ता. क. भाऊजींच्या सहीचा तो कागद ह्याच पाकिटात आहे. तो तुझ्या ट्रंकेत तळाशी ठेव. इथे घरात कागद हरवतात, आणि हरवतात तेव्हा नेमके तेच हरवतात.

ता. क. खरं म्हणजे पत्र ह्यासाठी लिहिलं. तुझ्या गच्चीवरची खोली रिकामीच आहे ना? भाऊजींना महिनाभर लिहायला बोलाव. तू आपण होऊन बोलावतेस असं लिही, माझं नाव घेऊ नकोस. गेले आठ दिवस खरंच जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेत आणि दिवा लावून लिहिताहेत. मला मशीनवरून दिसतात. हातातलं काम चुकतं माझं. उजेड भरपूर आहे असं मुद्दाम लिही.

ता. क. हे वाचून हे पान तेवढं फाडून टाक. 'डावीकडे वळा' हे फोनमधली बाई म्हणालीच नव्हती. मी म्हणाले होते. त्या गल्लीच्या तोंडाशी बटणांचं दुकान दिसलं, शिंपल्यांची बटणं, परातीत भरलेली, म्हणून तोंडातून निघून गेलं. आवाज मागून आला, तो तिचाच वाटला सगळ्यांना, आणि ह्यांनी एका शब्दात गाडी वळवली. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! परवा मुद्दाम स्वयंपाकघरातून त्याच सुरात म्हणून बघितलं, 'दहा पावलांवर उजवीकडे कचऱ्याचा डबा आहे.' उठले की गं, आणि टाकून आले.