काठोकाठ भरलेले पियाले

प्रिय तोल्कून,

तुझा फोन इथेच सापडला, चहाच्या समोवारच्या मागे, फडक्याखाली, जिथे टाकून तू पळालीस तिथेच. उघडून पाहिलेला नाही, नुसता चार्ज करून ठेवलाय. म्हणून हे पत्र. ताशबाय काका उद्या सकाळी गाडी घेऊन वर गावाकडे येताहेत, त्यांच्या हाती देते. सोबत आईने कणकेचे बोर्सोक तळून दिलेत. गरम असतानाच पिशवी बांधल्यामुळे मऊ पडले असतील, तरी खा. आजी फोनवर सांगत होती, नऊ दिवस झाले, तू गोठा सोडत नाहीस, फोनलाही येत नाहीस आणि कुणी आलं की वासराच्या मागे जाऊन बसतेस. "वासरू तरी बाहेर येतं गं, ही येत नाही!" म्हणाली. मी हसले, आणि मग मला रडूच आलं. तू माझं लग्न मोडलंस असं समजून तिथे बसली आहेस ना? वेडाबाई, काही मोडलेलं नाही. सव्वीस तारखेला आहे आणि तुझ्याशिवाय मी घरातून पाऊल टाकणार नाही.

तू पळालीस आणि सगळी गंमत चुकलीस. तलासहून नवऱ्याकडची अकरा माणसं आलेली, विहीणबाईंच्या, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या, पिशवीत लग्न पक्कं करायला माझ्या कानात घालायचे डूल, बाबा नव्या टोपीत अवघडलेले, आणि चहा द्यायचं काम तुझ्याकडे. घोटभर ओतायचा, पियाला रिकामा झाला की परत घ्यायचा, परत घोटभर, परत हात पुढे, आणि दरवेळी अकरा जण तुझ्याकडे बघणार. तू मनात काय हिशेब केलास तो मला लगेच कळला. एकदाच काठोकाठ भरून द्यायचे, म्हणजे पुन्हा त्या खोलीत जायला नको! आता भरलेला पियाला म्हणजे पाहुण्याला 'उठा, निघा' म्हणणं, हे तुला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तेव्हा काही आठवत नाही, हेही मला माहीत आहे. विहीणबाईंनी पियाल्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि कोट मागवला. त्यांच्यामागे सगळे उठले. बाबांचा चेहरा पांढराफटक.

इथपर्यंतच तू दाराआडून पाहिलंस. पुढचं ऐक. हा चहा दिला कुणी ते बघायला विहीणबाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. तिथे कुणी नाही, मागचं दार सताड उघडं. परत आल्या त्या तुझी एक चप्पल हातात घेऊन. "ही कुणाची?" आई कशीबशी म्हणाली, "धाकटीची. तेरा वर्षांची आहे हो, माणसांना लाजते." विहीणबाई क्षणभर त्या चपलेकडे बघत राहिल्या आणि कोटासकट मांडी घालून परत बसल्या. "बसा रे सगळे! तेराव्या वर्षी मी पाहुणे आले की कोंबड्यांच्या खुराड्यात शिरायचे. माझ्या आईने मला पिसांसकट बाहेर ओढलेलं आहे. आणि आमच्याकडची माणसं उठता उठत नाहीत, दारात उभं राहून तासभर बोलतात. अशी पोर घरात असती तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं!" बाबा असे हसले की नवी टोपी पडली. ती मंडळी अंधार पडेपर्यंत हलली नाहीत, आणि डूल माझ्या कानात आहेत.

तुला वाटतं आपली मोठी बहीण, जीपार एजे काय, दगडाशीही बोलेल. तू लहान होतीस म्हणून तुला आठवत नाही. दहाव्या वर्षी मी छपरावर उभी राहून गाणी म्हणायचे. बाराव्या वर्षी, एका उन्हाळ्यात, काय झालं कोण जाणे, सगळा गाव माझ्याकडेच बघतोय असं वाटायला लागलं. पाव आणायला पाठवलं की वाटभर 'दोन पाव द्या, दोन पाव द्या' घोकत जायचे, आणि दुकानात कुणी दिसलं की तशीच परत. घरी सांगायचे, पाव संपले. आठवडाभर आपण शिळा पाव खाल्ला. शेवटी आई पाववाल्या बाईशी भांडायला गेली, की तुमच्याकडे रोज पाव संपतातच कसे!

पंधराव्या वर्षी मोठ्या माणसांची भीती गेली. पाववाल्या बाईशी मी मजेत गप्पा मारायचे. पण वर्गातल्या तीन मुली खिडकीशी हसल्या की त्या माझ्या बुटांनाच हसताहेत अशी माझी खात्री. मधल्या सुट्टीत मी कोळशाच्या ढिगामागे उभी असायचे. त्या वर्षी बाजारात, लग्नाकार्यात, सगळीकडे मी तुला बरोबर न्यायचे. सगळे म्हणायचे, बहिणीवर केवढी माया! माया होतीच, पण खरं सांगू? पाच वर्षांचं गोबरं पोर हाताशी असलं की लोक त्याच्याकडे बघतात. मी तुझ्यामागे लपायचे, तोल्कून.

सतराव्या वर्षी आजोबांची सत्तरी झाली. माइक फिरत फिरत माझ्याकडे आला, शुभेच्छा देण्यासाठी. पाठ केलेलं सगळं उडालं. समोर दोनशे माणसं. मी आजोबांच्या गार झालेल्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, जेवून घ्या." मंडप हसून हसून आडवा झाला. आजोबा म्हणाले, "सकाळपासून ही एकटीच मुद्द्याचं बोलली!" आणि खरंच जेवायला लागले. मीही हसत होते. विचार त्यांना, तिथेच आहेत. त्यानंतर ती भीती आली तरी आल्या पावली जायला लागली. आता औषधाच्या दुकानात दिवसाला चाळीस माणसांशी बोलते. फोन उचलायच्या आधी मात्र अजून तीनदा खाकरते.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. लग्नात तलासला पोचले की मला कोपऱ्यात पडद्यामागे बसवतील, आणि तिथली प्रत्येक काकी, मावशी, शेजारीण पडदा उचलून माझं तोंड बघेल. नऊ दिवस मला जेवण जात नाही गं. मी पुन्हा तेरा वर्षांची झालेय. नवरीजवळ वहिनीने बसायची रीत आहे, पण मी पाचदा खाकरून विहीणबाईंना फोन लावला आणि म्हटलं, मला माझी धाकटी बहीण हवी. त्या म्हणाल्या, "आण की. तिची चप्पल मी मुद्दाम घेऊन आलेय, न्यायला तिला यावंच लागेल." तेव्हा ये. तिथे तुला कुणी चहा ओतायला सांगणार नाही, कुणाशी बोलायचंही नाही. फक्त माझा हात धरून बस. आणि एखादी काकी फारच वेळ रेंगाळली, तर तिला काठोकाठ भरलेला पियाला पाठवू.

तुझ्यामागे लपायला आतुर झालेली,
तुझीच,
जीपार एजे