जुन्या मापावर नाही

रविवार, ४ जून

चि. ढोल्यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, दुकान चालू आहे, माझी जीभही चालू आहे. तू शिवणकाम सोडून नट व्हायला गेलास तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही, तेही तसंच. तुला बोलवायला हे पत्र नाही हं. तुझ्या मालिकेचं कौतुक करायला लिहितेय.

अरे, काय काम केलंयस! मी आपली खून कोणी केला ते बघायला बसले होते. खुनी तिसऱ्याच भागात कळला, तरी उठवेना. मेलेल्या पोराच्या बापाला बातमी सांगायला तू पोलीस म्हणून जातोस, आणि तो बिचारा दुकानाचं शटर उघडत असतो. तू तोंडातून शब्द काढत नाहीस. शटरला हात लावतोस, मग त्याच्याशेजारी पायरीवर बसतोस. तुझ्या गप्प बसण्यातूनच त्याला कळतं. मेल्या, किती रडवलंस मला!

मागे बघते तर बाबा उभे. "कप घ्यायला आलोय," म्हणाले. कप हातातच होता.

टीव्हीवर कोणीही दिसलं की त्यांची कात्री कशी चालते, तुला ठाऊक आहे. "खांदा उतरलाय, कॉलर कुत्र्यानं चावलीय!" तुझ्या वर्दीचा खांदा तर चांगला बोटभर उतरला होता. पण अवाक्षर नाही. पुढच्या शनिवारी माझ्याआधी खुर्ची अडवून बसले.

काल मालिका संपली. टीव्ही बंद केला तरी उठेनात. मग म्हणाले, "पोरानं त्या बापाला एकटं नाही सोडलं."

"कोणाच्या पोरानं?" मी मुद्दाम विचारलं.

"माझ्या," खेकसलेच अंगावर.

आज सकाळी दुकानात बघते तर कापायच्या टेबलावर पांढरंशुभ्र शर्टाचं कापड पसरलेलं. हातात खडू, आणि नुसते उभे. मी म्हटलं, "कापा की, त्याचं माप आहे आपल्याकडे."

"गालफडं बसलीत त्याची. आणि जुन्या मापावर कापड कापलंय का मी कधी?"

तेव्हापासून टेबल अडलंय. गिऱ्हाइकांचे कपडे मांडीवर घेऊन कापताहेत, पण ते कापड कोणाला हलवू देत नाहीत.

ढोल्या, बोलवायला लिहीत नाही म्हटलं ना, ते खोटं होतं. ये रे.

टेबल मोकळं व्हायची वाट बघणारी,
तुझी ताई