चाळीस आजोबा आणि एक जिना

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल चोळता, की त्या आल्या की नुसतीच बाटली हलवून ठेवता? मी ठणठणीत आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

झालं असं, की कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लेखन कसं शिकवावं यावरून माझं आणि आमच्या विभागातल्या वडीलधाऱ्या सरांचं (मुलं त्यांना लालशाई म्हणतात, मीही म्हणते, पण मनात) चांगलंच वाजलं. प्राचार्यबाईंनी तोडगा काढला: एक तुकडी त्यांनी शिकवावी, एक मी, आणि सत्र संपलं की दोन्हींचे निबंध ग्रंथपालांनी तपासावेत. माझी नोकरी हंगामी. ती कायम होणार की नाही, हे यावरच ठरणार होतं. मग काय, कंबर कसली.

सरांची पद्धत जुनी. नमुना निबंध द्यायचा, गिरवून घ्यायचा, चुकलं की लाल रेघ. माझी नवी. मनात येईल ते लिहायचं, पेन थांबवायचं नाही, काहीच सुचलं नाही तर 'काही सुचत नाही' असं लिहायचं, पण हात चालू ठेवायचा. (हे मी एका शिबिरात शिकले. तिथला चहा छान होता.)

परीक्षेला विषय आला, 'न विसरता येणारा प्रसंग'. सरांच्या तुकडीत मुलं चाळीस, आणि चाळीसही आजोबा जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवरून घसरले, हातात दुधाचं पातेलं घेऊन! मी गालातल्या गालात हसले. मग माझा गठ्ठा सुटला. पंचवीस जणांनी चार-चार पानं 'काही सुचत नाही' लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. ग्रंथपाल दोन दिवस रजेवर गेले. मला मात्र रडूच आलं, मामा. पोरं गुणी आहेत हो, सांगितलं तेच केलं त्यांनी.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते) भाची

ता. क. निकाल काही लागला नाही, म्हणून प्राचार्यबाईंनी आम्हा दोघांकडून 'दोन पद्धतींची तुलना' असा चार पानी अहवाल मागितलाय, सोमवारपर्यंत. नोकरीचं आता त्यावर ठरेल. आठवडा झाला, पहिलं वाक्य जमत नाहीये. तुम्ही कचेरीत तीस वर्षं अहवालच लिहिलेत. एवढा एक लिहून द्या ना!

आणखी एक. पत्र टेबलावर ठेवून तासाला गेले, तेवढ्यात सरांनी ते वाचलं. आता दारात घसा खाकरत उभे आहेत. विचारतात, "तुमचे मामा दोन लिहितील का हो?" लिहा बापडे. पण मामा, माझा जरा बरा लिहा.