क्रेनवरची वाट

सोनूच्या आईस, प्रभूत सप्रेम सलाम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर हे बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या गाठीचा रिपोर्ट कधीही येईल म्हणालीस, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. क्रेनवर चढताना फोन खाली कपाटात ठेवावा लागतो. काल तुझा निरोप बघायला मी तीनदा शिडी उतरलो. शेवटी मुकादम म्हणाला, "वर तू नसलास तर खालच्यांनी कुणाच्या भरवशावर उभं राहायचं?"

मग बायबलमधला हबक्कूक संदेष्टा आठवला. देवाशी भांडून तो उत्तराची वाट बघत पहाऱ्यावर उभा राहिला. मला तो फार धीट वाटायचा. काल पुन्हा वाचलं, तर त्याचेही पाय लटपटत होते. तरी तो वाट बघत राहिला.

आज मी एकदाही उतरलो नाही. पाय मात्र दिवसभर कापत होते.

तुला झोप लागते का? सोनू काही विचारते का?

परवा फोनवर ‘घाबरू नकोस’ म्हणालो, ते विसर. घाबरलीस तरी चालेल. पण दवाखान्यातून बोलावणं आलं की आईला घेऊन लगेच जा, टाळू नकोस.

इथे वर बसून तुझ्याइतकाच घाबरलेला,
सोनूचा बाबा