विहिरीकाठच्या निलगिरी

गुरुजी, दिघोरीच्या शाळेत तुम्ही आम्हाला घरून मूठ-मूठ माती आणायला सांगितली होती. कुणी धानाच्या बांधीतली काळी आणली, कुणी जंगलाकडची तांबडी मुरमाड. त्या ढिगांवरून बोट फिरवत तुम्ही आम्हाला जग दाखवलंत: बारमाही गोठलेली जमीन, नुसत्या गवताचे देश, वाळवंट. शेवटी ऑस्ट्रेलिया. "तिथं पाणी कमी, म्हणून निलगिरीचं मूळ लय खोल जाते. तिच्या मुलखात ते शहाणपण हाय. आपल्या विहिरीजवळ लावली त बादली रिकामीच येईन, बाबू." वर्ग हसला होता.

पुढे शहापूरला हायवेवर माझी नर्सरी उभी राहिली. तेव्हा जो तो निलगिरी लावा म्हणायचा. रिटायर झाल्यावर तुम्ही एसटीनं आलात. "मोहाचं एक रोप दे. विहिरीजवळ लावतो." मी हसलो. "गुरुजी, मोह मोठा होईस्तोवर तुमची शंभरी भरन! या दहा निलगिरी न्या. पैसे नको." तुम्ही रोपांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "तू देऊन राहिला ना? मंग नेतो."

चार उन्हाळ्यांनी मी तुमच्या अंगणात बसलोय. झाडं कौलांच्या वर गेलीत. काकू विहिरीत दोर सोडतायत, सोडतच राहतात, आणि खाली बादली कोरड्या दगडावर आपटते. माझे कान तिखट, हे तुम्हीच म्हणायचात. काकू पाण्याचा पितळी गुंड उचलून तलावाकडे निघतात. "तूच सांग यायले, तोडा म्हणून. मायं कोण ऐकते! म्हणते, पोराच्या हातची हायेत." तुम्ही हसून विचारता, "काय ऐकून राहिला बे?" मी म्हणतो, "काही नाही, गुरुजी. झाडं मस्त झाली."

पुढच्या पावसाळ्याच्या आत तुम्ही गेलात. तेरवीला पंगतीत कुणीतरी म्हणालं, "जन्मभर भूगोल शिकवला अन् म्हातारपणी गुरुजी सोताच विसरले." मी मान हलवली. पत्रावळीवरचा भात कालवत पुन्हा मान हलवली.

काकू अजून आहेत. त्यांच्या पत्त्यावर तरी हे पत्र टाकावं म्हणून पाकीट आणलं, ते महिनाभर गल्ल्यातच पडून आहे. तुम्ही काही विसरला नव्हता, गुरुजी. मीही नव्हतो, तो धडा मला तेव्हाही पाठ होता. त्या वर्षी मी निलगिरी जास्तीची केली होती, ती खपली नव्हती, एवढंच. मोहाची रोपं मागे टाकीपाशी होती. उठून जावं लागलं असतं.